आठ वर्षांच्या हमीत नेमके काय येते, ते वॉरंटीकार्डावर मराठीत लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवरची मोटारगाडी घ्यावी की नाही, हे विचारायला महिन्यातून चार-पाच जण तरी कणकवलीतल्या आमच्या घरी येतात. २०२१ च्या नोव्हेंबरात आमच्या वाडीत अशी गाडी प्रथम आम्ही आणली आणि त्या दिवसापासून तिच्यावर झालेला प्रत्येक खर्च मी वहीत मांडून ठेवला आहे, हे एव्हाना पुष्कळांना ठाऊक झाले आहे. येणाऱ्यांचे प्रश्न दोनच असतात: देखभालीला वर्षाकाठी किती पडतात, आणि बॅटरी गेली तर काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वही उघडून देता येते. दुसऱ्याला मी सुरुवातीची तीन वर्षे 'आठ वर्षांची वॉरंटी आहे, काळजी नको' असे सांगत असे. जानेवारी २०२५ पासून मी ते सांगणे थांबवले आहे. ते वाक्य खोटे नाही, पण फार अपुरे आहे, आणि अशा अपुऱ्या वाक्यावर विसंबून आयुष्याची पुंजी गुंतवणारी माणसे मी रोज पाहतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी जे चांगले आहे ते सांगणे माझे कर्तव्य आहे. चार वर्षांत गाडी ६१ हजार किलोमीटर चालली आणि नियमित सर्व्हिसिंगची सगळी बिले मिळून २१ हजार ४०० रुपये झाली. त्यापूर्वीच्या आमच्या डिझेल गाडीच्या शेवटच्या चार वर्षांची बेरीज जुन्या वहीत आहे: साधारण तेवढ्याच धावेला सर्व्हिसिंगचे ५४ हजार आणि शिवाय क्लचप्लेटचे १९ हजार. फरक कुठून येतो हे बॉनेट उघडल्यावर कळते. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, बेल्ट, क्लच, सायलेन्सर यांपैकी काहीच या गाडीत नाही, आणि जे नाही ते बदलावे लागत नाही. पीयूसीची गरज नाही. वर्षातून एकदा एसीचा केबिन फिल्टर बदलायचा, दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑइल, बॅटरी व मोटर थंड राखणाऱ्या कूलंटची पातळी पाहायची आणि ते कंपनीने नेमून दिलेल्या प्रकारचेच आहे याची खात्री करायची, वायपर बदलायचे, सस्पेन्शनचे बुश तपासायचे, एवढाच बहुतेक व्याप असतो.

तरीही विक्रेते सांगतात तितके हे शून्य खर्चाचे प्रकरण नाही. बॅटरीमुळे गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-अडीचशे किलो जड असते आणि मोटर पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावते. त्यामुळे टायर लवकर झिजतात. आमचे चारही टायर ३८ हजार किलोमीटरला बदलावे लागले आणि त्याचे ३३ हजार रुपये, म्हणजे चार वर्षांच्या सर्व्हिसिंगच्या दीडपट, एका दुपारी गेले. गाडीत नेहमीसारखी एक छोटी १२ व्होल्टची बॅटरीही असते, हे तर अनेक मालकांना ती बंद पडेपर्यंत ठाऊक नसते. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिला गाडीशी जोडणारे स्विच या छोट्या बॅटरीवर चालतात. ती मेली की गाडी जागी होत नाही. आमची तिसऱ्या पावसाळ्यात गेली, ६ हजार २०० रुपयांत नवी आली. आठ वर्षांच्या हमीशी तिचा संबंध नसतो. तिची स्वतंत्र आणि बरीच लहान मुदतीची हमी असते.

कोकणात राहणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी नोंदवतो, कारण त्या कंपनीच्या सर्व्हिस तक्त्यात नाहीत; तो तक्ता सबंध देशासाठी एकच छापलेला असतो. पाय उचलला की मोटरच गाडीचा वेग कमी करून वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेक फार कमी लागतो. आमचे मूळ ब्रेक पॅड अजून अर्ध्याहून अधिक शिल्लक आहेत. परंतु न वापरलेल्या ब्रेकला आमच्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाऱ्या हवेत गंज चढतो, कॅलिपरच्या पिना घट्ट होतात, आणि मग एक चाक ब्रेक धरून फिरू लागते. दरवर्षी मे अखेरीस आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास चारही चाके उतरवून ब्रेक साफ करून घेणे हा सात-आठशे रुपयांचा खर्च मी स्वतःहून करतो. दुसरी गोष्ट उंदरांची. साध्या गाडीची कुरतडलेली वायर गावातला वायरमन जोडून देतो. या गाडीतली नारिंगी आवरणाची जाड केबल तीन-चारशे व्होल्ट वाहून नेते. तिला जोड देता येत नाही, संपूर्ण हार्नेस, म्हणजे केबलींचा अख्खा जुडगा, बदलतात, आणि प्राण्यांनी केलेले नुकसान वॉरंटीतून वगळलेले असते. गाडी भाताच्या कोठाराशेजारी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दोन्ही गाड्यांचे टायर बाजूला ठेवले, तर हे सर्व धरूनही देखभालीचा खर्च जुन्या गाडीच्या निम्म्याहून फारसा वर जात नाही, ही वहीतली वस्तुस्थिती आहे. मग तक्रार कशाची? लहान खर्च जवळजवळ संपले, पण जो एखादा मोठा खर्च उरला तो एकदम पाऊण-एक लाखाचा किंवा त्याहून मोठा असतो, आणि तो कोणी सोसायचा हे ज्या कागदावर ठरते तो कागद ग्राहकाला वाचता येत नाही, याची.

जानेवारी २०२५ मध्ये, गाडीला तीन वर्षे दोन महिने झाले असताना, घरी चार्जिंग होईनासे झाले. प्लग लावला की दिवा लाल व्हायचा. महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर मात्र गाडी व्यवस्थित भरायची. वर्कशॉपने निदान केले की ऑन-बोर्ड चार्जर जळाला आहे. आपल्या घरात येणारी वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते आणि बॅटरी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीजच घेते. घरच्या विजेचे डीसीत रूपांतर करणारी पेटी गाडीच्या आतच बसवलेली असते, तिला ऑन-बोर्ड चार्जर म्हणतात. फास्ट चार्जर थेट डीसी देतो, म्हणून तिथे तिची गरज पडत नाही. पेटीची किंमत करासह ७८ हजार रुपये सांगण्यात आली. मी निर्धास्त होतो, आठ वर्षांपैकी तीनच सरली होती. त्यावर मला दाखवण्यात आले की आठ वर्षांची हमी बॅटरी पॅक आणि मोटर या दोनच वस्तूंची आहे, आणि ऑन-बोर्ड चार्जर हा 'वाहनाचा सर्वसाधारण भाग' असल्याने त्याची हमी तीन वर्षांची होती, जी दोन महिन्यांपूर्वी संपली. पुस्तिकेच्या मागच्या बाजूला, इंग्रजीत, ते खरोखरच छापलेले होते. खरेदीच्या दिवशी मी सही केलेल्या कागदांत ते होते, हे मी नाकारत नाही.

पुढे मला आणखी प्रश्न विचारण्यात आले. घराचे अर्थिंग नीट आहे का, व्होल्टेज किती असते, वीज कडाडत असताना प्लग लावलेला होता का? आमच्याकडे मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या पावसात विजा पडतात, व्होल्टेज चढ-उतार करते, हे खरे आहे; आणि बाहेरच्या विजेच्या दोषामुळे झालेले नुकसान हमीत येत नाही, असेही कलम आहे. सुदैवाने चार्जर बसवताना मी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा चाचणी-अहवाल घेतला होता. तो दाखवल्यावर हा मुद्दा मागे पडला. नंतर सहा आठवडे पत्रव्यवहार झाला. त्या काळात मी दर तीन दिवसांनी महामार्गावर जाऊन घरच्या दराच्या दुपटीहून अधिक दराने गाडी भरत होतो. शेवटी कंपनीने 'गुडविल' म्हणून निम्मी रक्कम सोसली आणि निम्मी मी भरली.

हे 'गुडविल' मला सर्वांत जास्त खुपते. वर्कशॉपमध्ये भेटलेल्या एका गृहस्थांचा हाच भाग गेला होता. त्यांनी पूर्ण पैसे भरले होते, कारण मागणी करता येते हेच त्यांना माहीत नव्हते. म्हणजे एकच दोष, एकच वस्तू, आणि ज्याला पत्रे लिहिता आली त्याला निम्म्यात, जो गप्प बसला त्याला पुऱ्यात. हमी हा जर करार असेल तर तो मालकाच्या चिकाटीवर अवलंबून राहता कामा नये.

त्यानंतर मी ओळखीच्या अनेक मालकांच्या पुस्तिका, निरनिराळ्या कंपन्यांच्या, शांतपणे वाचल्या. सर्वत्र मांडणी साधारण सारखी आहे. सर्वांत लांब मुदत बॅटरीला, आणि बहुधा मोटरला. जाहिरातीत तीच मुदत मोठ्या अक्षरांत असते. मधल्या फळीतले सर्व इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे ऑन-बोर्ड चार्जर, मोठ्या बॅटरीतून छोटी बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर, चार्जिंगचे सॉकेट, बॅटरी थंड ठेवणारा पंप, हे कुठे लांब मुदतीत आहे, कुठे छोट्या मुदतीत, आणि कुठे दोन्ही बाजूंनी अर्थ लावता येईल अशा भाषेत आहे. ज्यांची गाडी अजून तीन वर्षांच्या आत आहे त्यांना माझे सांगणे आहे की मुदत संपण्याच्या आत वाढीव वॉरंटीची चौकशी करावी, आणि ती घेताना 'ऑन-बोर्ड चार्जर त्यात आहे का' हा एकच प्रश्न ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे.

आता खुद्द बॅटरीकडे येतो. बॅटरी अचानक 'जाते' असे फार क्वचित घडते. तशी ती गेली तर हमी निःसंशय लागू पडते आणि अनेकदा संपूर्ण पॅक न बदलता बिघडलेले मॉड्यूल बदलून काम भागते. नेहमीचा प्रकार वेगळा आहे. बॅटरी वर्षावर्षाने थोडी थोडी उतरते. उष्णता, पूर्ण भरून उन्हात उभी करणे, सतत फास्ट चार्जिंग, आणि केवळ वय, ही त्याची कारणे. म्हणून हमीतला कळीचा प्रश्न असा की मूळ क्षमतेच्या किती टक्क्यांखाली घसरल्यावर कंपनी जबाबदारी घेणार, आणि ती टक्केवारी मोजणार कोण? काही पुस्तिकांत आकडा दिलेला आहे. काहींत 'वापरानुसार होणारी नैसर्गिक घट हमीत येत नाही' एवढेच वाक्य आहे, आणि नैसर्गिक कोठे संपते हे लिहिलेले नाही. अशा वाक्यावर आठ वर्षांची हमी टेकलेली असेल, तर चंद्रपूर किंवा नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्याने तिचा आधार कसा घ्यावा?

हा आकडा कायद्याने ठरवता येतो, आणि इतरांनी तो ठरवला आहे. युरोपीय संघाच्या २०२४ मधील 'युरो ७' नियमावलीनुसार मोटारगाडीच्या बॅटरीने ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत मूळ क्षमतेच्या ८० टक्के, आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७२ टक्के क्षमता राखली पाहिजे. कॅलिफोर्नियात २०२६ च्या मॉडेलपासून बॅटरीची उरलेली क्षमता चालकाला गाडीतच, कोणतेही यंत्र न जोडता वाचता आली पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या दुचाकींना लागलेल्या आगींनंतर सरकारने एआयएस-१५६ आणि एआयएस-०३८ ही मानके अधिक कडक केली, आणि ते अत्यंत योग्य झाले. पण ती सुरक्षिततेची मानके आहेत. पॅकने आग पकडू नये, हे ती पाहतात. सातव्या वर्षी तो किती भरला पाहिजे, हा त्यांचा विषय नाही.

माझ्या गाडीची उरलेली क्षमता किती, हे मी प्रत्येक सर्व्हिसिंगला विचारतो. वर्कशॉपच्या लॅपटॉपवर ती टक्केवारी दिसते. तिला ते 'एसओएच' म्हणतात. तोंडी सांगतात, कागदावर देत नाहीत. गाडीतल्या सिमकार्डावरून माझी गाडी किती वेळा फास्ट चार्ज झाली, किती उन्हात उभी राहिली, ही सगळी माहिती कंपनीकडे जाते, आणि दावा नाकारताना ती वापरता येते. ज्या मालकाच्या पैशाने ती माहिती तयार झाली त्याच्या हाती मात्र तिचा एक कागदही नसतो. प्रत्येक जॉबकार्डवर धाव लिहितात तशी ही टक्केवारी छापली तर कंपनीवर एक पैशाचा बोजा पडणार नाही. आठ वर्षांत आठ नोंदी झाल्या की कोणाच्याही तोंडी शब्दाची गरज उरणार नाही, आणि गाडी विकताना खरेदीदारालाही ती पुस्तकासारखी वाचता येईल.

अलीकडे 'आजीवन वॉरंटी' हा शब्द बाजारात आला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीने विंडसर गाडीबरोबर, नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने चाकणला तयार होणाऱ्या आपल्या नव्या विद्युत गाड्यांबरोबर, आणि २०२५ मध्ये टाटांनी हॅरियर व पाठोपाठ कर्व्ह आणि नेक्सॉनच्या मोठ्या बॅटरीच्या गाड्यांवर पहिल्या खासगी मालकाला अशी हमी देऊ केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे आणि स्पर्धेचा ग्राहकाला लाभच होतो. टाटांनी 'आजीवन' म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे, असा अर्थही सांगितला आहे. महिंद्राच्या हमीत गाडी दुसऱ्या मालकाकडे गेली की ती १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर एवढी राहते. एवढी स्पष्टता असेल तर जुन्या गाडीच्या किमतीचा हिशोब मांडता येतो.

परंतु 'पहिला मालक' या दोन शब्दांवर मी बरेच दिवस अडलो आहे. आमच्याकडे गाडी सहसा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावावर असते. माझे वय ६८ आहे. उद्या मी नसेन, आणि पत्नीने आरटीओत नमुना ३१ भरून गाडी वारसाहक्काने आपल्या नावावर केली, तर ती पहिली मालक की दुसरी? गाडी विकलेली नाही, घराबाहेर गेलेली नाही, तोच चार्जर, तेच अंगण. वारसाला हमी पूर्ण मुदतीने चालू राहील, असे एक वाक्य प्रत्येक कंपनीने आपल्या कार्डावर घालावे. ते घालायला कंपनीला फार खर्च नाही, आणि ते नसेल तर एखाद्या विधवेला वर्कशॉपच्या काउंटरवर हा वाद घालावा लागेल.

हमी रद्द होण्याच्या कारणांत एक कारण हमखास असते: गाडी अधिकृत वर्कशॉपखेरीज इतरत्र उघडली. उच्च दाबाच्या भागाबाबत मला ते पटते. प्रशिक्षण आणि रबरी हातमोज्यांशिवाय त्या नारिंगी केबलला कोणी हात लावू नये, जीव जाईल. पण आमच्या भागातून अशा गाडीचे काम जाणणारे वर्कशॉप गाठायचे तर फोंडा घाट चढून कोल्हापूर किंवा उलट दिशेला गोवा. ब्रेक साफ करणे, बुश बदलणे, अलाइनमेंट, यांचा उच्च दाबाशी काय संबंध? ही कामे आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक तीस वर्षे करतो आहे. एका परिचितांची दुसरी सर्व्हिस जुलैत घाट बंद असल्याने तीन आठवडे लांबली, तर पुढे तिचाही उल्लेख दावा अडवताना करण्यात आला. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही बजावले होते. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. पण तत्त्व बरोबर आहे. बाहेरच्या दुरुस्तीमुळेच बिघाड झाला हे दाखवता आले तर कंपनीने त्या भागापुरती जबाबदारी नाकारावी, संपूर्ण गाडीची नव्हे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले, त्यात मोटारगाड्यांचे क्षेत्र आहे. त्या हक्काचा पहिला उपयोग विद्युत गाडीच्या मालकाला झाला पाहिजे, कारण त्याचे वर्कशॉप सर्वांत लांब आहे.

विम्याबद्दल थोडेच लिहितो. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात विद्युत गाड्यांना १ जून २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे. खरी जोखीम गाडीच्या पोटाखाली असते. देवगडकडील एका स्नेह्यांच्या गाडीचा पॅक जांभ्याच्या कच्च्या वाटेवर दगडाला घासून चेपला. आपटल्यामुळे झालेले नुकसान हमीत येत नाही, ते विम्याचे काम. आणि मोटार विम्यात रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब यांच्या पंक्तीला बसवून 'बॅटरी'वर ५० टक्के घसारा लावण्याची जुनी रीत आहे, जी पाच-सहा हजारांच्या छोट्या बॅटरीसाठी ठरवलेली होती. गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा मोल असलेला पॅक त्याच ओळीत धरला जाणार का, आणि 'झीरो डेप', म्हणजे घसारा न कापणारे वाढीव संरक्षण, घेतल्यास तो पूर्ण भरून मिळेल का, हे पॉलिसी घेण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. पुराचेही तसेच. पॅक 'आयपी-६७' आहे म्हणजे चाचणीत एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकला. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी किती उंच आणि किती वेळ होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

करातली एक विसंगती सांगितलीच पाहिजे. १ ऑगस्ट २०१९ पासून विद्युत गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, आणि त्या किमतीत बॅटरी आलीच. पण तीच बॅटरी हमी संपल्यावर सुटी विकत घ्यायची तर लिथियम-आयन बॅटरी म्हणून १८ टक्के. ज्या दिवशी मालकाला मदतीची सर्वाधिक गरज, त्याच दिवशी कर साडेतीन पटीहून अधिक. नोंदणी झालेल्या विद्युत गाडीत, जुना पॅक परत घेऊन, बसवल्या जाणाऱ्या नव्या पॅकवर ५ टक्केच कर लावावा. जुना पॅक परत घेऊन त्याचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकलेलीच आहे; तेव्हा दोन्ही नोंदी एकाच बिलावर येऊ शकतात.

महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या धोरणात विद्युत गाड्यांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी दिली, मोटार वाहन करातून सूट दिली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विद्युत गाड्यांवर सुचवलेला ६ टक्के करही मागे घेतला. या सवलतींचा मी लाभार्थी आहे आणि कृतज्ञ आहे. पण जो सवलत देतो त्याला अट घालता येते. राज्याच्या २०२१ च्या धोरणात बॅटरीची दीर्घ हमी देणाऱ्या उत्पादकांना प्रोत्साहन देण्याचा विचार होताच. तोच धागा पुढे न्यावा. जे मॉडेल महाराष्ट्रात करसवलतीने नोंदवले जाणार आहे, त्याच्या विक्रीच्या वेळी एक पानाचे, मराठीतील, ठरावीक नमुन्याचे हमीपत्र ग्राहकाला देणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे. त्यात बॅटरी, मोटर, ऑन-बोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, चार्जिंग सॉकेट आणि कूलंट पंप यांच्यासमोर प्रत्येकाची वर्षे आणि किलोमीटर असावेत. बॅटरीच्या क्षमतेची टक्केवारी असावी. दुसऱ्या मालकाला आणि वारसाला काय मिळते ते असावे. आणि कोणत्या दुरुस्त्या बाहेर केल्यास हमीला धक्का लागत नाही त्यांची यादी असावी. नमुना तयार करण्यासाठी दूर जायला नको. देशातील वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, आणि चाकण-रांजणगावचे कारखानेही त्याच जिल्ह्यात आहेत.

तोवर ज्यांचा वाद चालू आहे त्यांच्यासाठी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. प्रत्येक जॉबकार्ड, सर्व्हिसचे प्रत्येक बिल आणि अर्थिंगचा अहवाल जपून ठेवावा. मला निम्मे पैसे मिळाले ते त्या अर्थिंगच्या कागदामुळे, आणि तो मी केवळ सवयीने घेतला होता.

आमची गाडी आजही उत्तम चालते आणि पुढची गाडीही विजेचीच घ्यायचे घरात ठरले आहे. फेब्रुवारीत मुलगा शोरूममध्ये जाणार आहे. वर लिहिलेल्या सहा भागांची नावे मी त्याला कागदावर लिहून दिली आहेत; त्यांच्यासमोर वर्षे आणि किलोमीटर भरून, शिक्का मारून मिळाल्याशिवाय बुकिंगची रक्कम द्यायची नाही, असे सांगितले आहे.

आपला विश्वासू,
एक वाहनधारक, कणकवली, जि. सिंधुदुर्ग